गुहेच्या तोंडावरचा धोंडा

सालेकसा तालुक्यातल्या धनेगावहून डोंगर चढत गेले की कचारगडची गुहा लागते. तिच्या वरच्या अंगाला मोठे भगदाड आहे, त्यातून उजेड आत उतरतो. माघ पौर्णिमेला इथे महाराष्ट्रातून, मध्य प्रदेश-छत्तीसगडातून, तेलंगणातून गोंड लोक येतात. गळ्यात पिवळा शेला, तोंडी 'जय सेवा'. इथे सांगतात ती कथा अशी. कली कंकालीची तेहतीस मुले फार दांडगी निघाली, म्हणून शंभूशेकने त्यांना या गुहेत कोंडून तोंडावर धोंडा लावला. जंगो रायताड त्यांच्यासाठी तळमळली, पारी कुपार लिंगोने सुटकेची वाट शोधली, हिरासुका पाटालीराने किंगरी छेडली. त्या सुरांनी मुलांच्या अंगात बळ आले, त्यांनी धोंडा ढकलला आणि खाली उभा असलेला हिरासुका त्याच धोंड्याखाली गेला. सुटलेल्या मुलांना लिंगोने गोत्रे दिली, धर्म दिला. दोन धर्म शेजारी आले आणि त्यातला एक बळकट असला, की दुसरा त्यात विरघळतो, असे आपण धरून चालतो. मिसळण झाली म्हणजे दुबळा हरला, असा हिशेब असतो. कचारगडच्या कथेत, शंभूच्या नावातच, मिसळण उघड दिसते, तरी हा हिशेब इथे जुळत नाही.

या कथेचा जुना लेखी पुरावा एका ख्रिस्ती मिशनऱ्याने ठेवला आहे. स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे स्टीफन हिस्लॉप १८४५ साली नागपुरात आले. गोंडांची गाणी-कथा सांगणाऱ्या परधानांच्या तोंडून त्यांनी लिंगोचे दीर्घ गीत उतरवून घेतले. १८६३ साली टाकळघाटची शिळावर्तुळे पाहून परतताना ओढ्याच्या पाण्यात त्यांचा अंत झाला, आणि रिचर्ड टेम्पलने त्यांचे कागद १८६६ मध्ये छापले. या पाठात गोंडांना कोंडणारा थेट महादेव आहे. त्याला गोंडांच्या अंगाचा वास सोसत नाही. तो त्यांना धवलगिरीच्या गुहेत डांबतो आणि दारावर सोळा हातांची शिळा बसवतो. पार्वतीला मात्र आपले गोंड हवे असतात, ती त्यांच्यासाठी तप करते आणि त्यातून पुढे लिंगो जन्मतो. शेजारच्या बलाढ्य धर्माचा सर्वांत मोठा देव इथे घेतला आहे खरा, पण त्याला भूमिका दिली आहे ती कैद करणाऱ्याची. अंगाचा वास सोसत नाही म्हणून माणसांना वेगळे काढणे, हा अनुभव गोंडांनी कोणाकडून घेतला असेल, हे वेगळे सांगायला नको. मला ही ओळ त्या गीताचा गाभा वाटते.

हाच डाव ख्रिस्ती धर्माने त्याच्या दुबळेपणाच्या काळात खेळला होता. दुसऱ्या शतकात जस्टिन मार्टर रोमच्या देवांचे अस्तित्व नाकारत नाही. ते दैत्य आहेत, असे म्हणतो. पुढे सत्ता हाती आली तेव्हा रीत बदलली. ३८२ साली ग्रेशियन बादशहाने जुन्या पुजाऱ्यांचे सरकारी अनुदान बंद केले, ३९१ पासून थिओडोसियसच्या फर्मानांनी यज्ञबळींवर बंदी आणली. ६०१ साली पोप ग्रेगरीने इंग्लंडकडे निघालेल्या मेलिटसला लिहिले की मूर्ती फोडा, देवळे ठेवा. लोक जे बैल सैतानासाठी कापतात ते आता सणाच्या जेवणासाठी कापू द्या. जागा जुनी, जेवण जुने, देवाचे नाव मात्र नवे. जुन्या देवांचे खरे मरण या पत्रात दिसते. देऊळ उभे राहिले, पण त्या देवाची गोष्ट सांगणारा पुजारी उरला नाही. गोंडांच्या बाबतीत उलट झाले. देऊळ असे फारसे नव्हतेच. गोष्ट सांगणारा परधान आणि त्याचे वाद्य टिकले.

यावर एक आक्षेप वजनदार आहे. हिस्लॉपच्या पाठात गुहा धवलगिरीला आहे. ती कचारगडलाच होती, हे गेल्या शतकाच्या उत्तरार्धात मोतीरावण कंगाली यांच्यासारख्या अभ्यासकांनी मांडले आणि यात्रेला आजचे रूप १९८०च्या दशकापासून आले. मग हे प्राचीन कसले? आक्षेपातली माहिती बरोबर आहे, निष्कर्ष घाईचा आहे. येशूची कबर कोणती, हेही कॉन्स्टंटाइनच्या काळात, म्हणजे सुमारे तीनशे वर्षांनी ठरले. इतिहासकार युसेबियस सांगतो की तिच्यावर व्हीनसचे देऊळ होते, ते पाडून खाली खणले गेले. जागेची खूण उशिरा पटली म्हणून तिथे गुडघे टेकणाऱ्यांची श्रद्धा बनावट ठरत नाही. स्मृती आधी असते, तिला जमीन नंतर मिळते. तेच धनेगावच्या डोंगरावर झाले.

दुसरा आक्षेप असा की आजचे कथेकरी शंभूशेकला परका मानत नाहीत. शंभू हा मुळात आमचाच, असे म्हणतात. मग कैद करणारा महादेव गेला कुठे? मला हा फरक फार मोलाचा वाटतो. दीडशे वर्षांपूर्वीच्या गीतात किळस करून कोंडणारा परका देव होता. आजच्या कथेत पोरांच्या दंग्याला कंटाळलेला घरचा वडीलधारा आहे. इतिहासाच्या कसोटीवर कोणते रूप मूळचे, याचा वाद चालू द्यावा. पण कथेला हात घालून तिच्यातला देव बदलण्याचा अधिकार दोन्ही वेळा गोंडांच्याच हाती राहिला. रोमच्या ज्युपिटरसाठी असा बदल करायला पाचव्या शतकानंतर कोणी उरले नव्हते.

हा अधिकार कागदावर मात्र डळमळीत आहे. ब्रिटिश जनगणनेत आदिवासी धर्मांना निराळा रकाना होता. १९५१ पासून तो गेला. तरीही २०११ मध्ये 'इतर'च्या रकान्यात आपला धर्म गोंडी असे लिहून देणारे देशभरात १० लाखांहून अधिक निघाले. आणि दर माघात दरेकसा स्टेशनवर उतरून माणसे त्या डोंगराकडे चालू लागतात, जिथे लिंगोबरोबर धोंड्याखाली गेलेल्या किंगरीवाल्याचे आणि त्या पोरांच्या आईचेही नाव घेतले जाते.