कुंडीतून उगवलेला स्लॅब

जळगाव-धुळ्याच्या जुन्या वस्तीत हिंडताना धाब्याची घरे अजूनही दिसतात. लाकडी तुळयांवर फळ्या, त्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर आणि दर पावसाळ्यापूर्वी त्याची डागडुजी. अशा घरात झाडाची जागा अंगणात असे; तुळशीचे वृंदावनही जमिनीवरच बांधले जाई. नव्या वसाहतींत अंगण आक्रसले, डोक्यावर सिमेंटचा स्लॅब आला आणि झाडे कुंड्यांत बसून गच्चीवर चढली. त्यामुळे मोठी कुंडी कोणती घ्यावी, हा प्रश्न आता केवळ शोभेचा राहिलेला नाही. गंमत अशी की, ज्या स्लॅबवर आपण ही कुंडी ठेवतो, त्याच्या वंशावळीत एक मोठी कुंडीच आहे.

त्यासाठी आपल्याला एकोणिसाव्या शतकातल्या पॅरिसमध्ये जावे लागेल. तिथल्या बागांत संत्र्याची झाडे मोठ्या कुंड्यांत वाढवत. हिवाळ्यात ती आत न्यायची आणि उन्हाळ्यात बाहेर आणायची, म्हणून कुंडी हलवता येणारी हवी. लाकडी कुंडी ओलाव्याने कुजे, मातीची हलवताना फुटे. योसेफ मोनिये (१८२३–१९०६) हा माळी या कटकटीने त्रासला होता. नुसत्या सिमेंटची कुंडीही मुळांच्या दाबाने तडकते, म्हणून १८४९ च्या सुमारास त्याने सिमेंटमध्ये लोखंडी तारांची जाळी घालून पाहिली. कुंडी टिकली. १६ जुलै १८६७ रोजी त्याने लोखंड आणि सिमेंटच्या बागकामाच्या कुंड्यांचे पेटंट घेतले. पुढे नळ, टाक्या आणि पूल यांचीही पेटंटे त्याने घेतली. १८७५ मध्ये फ्रान्समधील शाझले येथे त्याच्या पद्धतीने सुमारे १४ मीटर लांबीचा पूल उभा राहिला.

ही कल्पना सुचलेला तो एकटाच नव्हता. लांबो या फ्रेंच माणसाने अशीच होडी बनवून १८५५ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात मांडली होती, आणि इंग्लंडात विल्किन्सनने १८५४ मध्येच लोखंड घातलेल्या काँक्रीटच्या तक्तपोशीचे पेटंट घेतले होते. पण धंद्यात रुजली ती मोनियेची पद्धत, आणि तीही जर्मनीत. त्याचे हक्क घेणाऱ्या वाइस या कंत्राटदाराने अभियंता कोनेन याच्याकडून गणित करून घेतले. काँक्रीट दाब उत्तम सोसते, ताण मात्र सोसत नाही. म्हणून जिथे ताण येतो तिथेच लोखंड हवे, हे त्यातून स्पष्ट झाले. मोनियेची जाळी बहुधा मधोमध असे. स्लॅबच्या मध्यभागी सळ्या खालच्या अंगाला का असतात, हे वर्गात समजावताना खोडरबर वाकवून दाखवावे: खालची बाजू ताणली जाते, वरची आक्रसते.

आणखी एक योग मोठा भाग्याचा. एक अंश सेल्सिअस तापमान वाढले की लोखंड स्वतःच्या लांबीच्या सुमारे १२ दशलक्षांशाने वाढते, काँक्रीट सुमारे १० दशलक्षांशाने. ॲल्युमिनियम याच्या जवळपास दुप्पट वाढते. पंचेचाळीस अंशांच्या उन्हात तापणाऱ्या आपल्या खानदेशात ही जोडी टिकते, त्यामागे हे एक मोठे कारण आहे.

आता आपल्या गच्चीवर येऊ. ६० सेंटिमीटर व्यास आणि तेवढीच उंची असलेली सरळ कुंडी घेतली, तर तिचे आकारमान सुमारे १७० लिटर भरते. ओली माती लिटरला दीड ते पावणेदोन किलो धरली, तर एकच कुंडी पावणेतीनशे किलोच्या आसपास जाते. म्हणजे चार-पाच माणसे तेवढ्याच जागेत सदैव दाटून उभी! वापरात असलेल्या गच्चीसाठी भारतीय मानकात चौरस मीटरला साधारण १५० किलोचा भार धरलेला असतो. एका कुंडीने घर कोसळत नाही. पण अशा दहा कुंड्या स्लॅबच्या मधोमध मांडणे शहाणपणाचे नव्हे. त्या कडेला, भिंतीच्या किंवा तुळईच्या रेषेवर ठेवाव्यात.

मातीही विचार करून भरावी. शेतातली काळी माती आपल्याला सुपीक म्हणून प्रिय, पण ती भिजली की फुगते, सुकली की भेगाळते. कुंडीत ती एकटी भरली तर निचरा होत नाही आणि कुंडीच्या भिंतीवर दाबही येतो. वाळू आणि शेणखत मिसळून ती हलकी करावी. भाजक्या मातीच्या कुंडीतून पाणी झिरपून उडते, मुळांना गारवा मिळतो. मात्र उन्हाळ्यात पाणी पुन्हा पुन्हा घालावे लागते. आमचा कौल अंगणासाठी भाजक्या मातीला आणि गच्चीसाठी हलक्या प्लॅस्टिकच्या पिंपाला. दिसायला ते डावे असले तरी चालेल.

कुंडी कोणतीही असो, तिच्या तळाला भोक हवे आणि खाली विटांचे तुकडे. थेट टेकलेल्या कुंडीखालचा स्लॅब कधी सुकतच नाही. ताज्या काँक्रीटमधील अल्कधर्मी गुण लोखंडाला गंजापासून वाचवतो. हवेतील कार्बन डायऑक्साइड हळूहळू आत शिरून तो गुण कमी करतो, आणि मग ओल पोचली की सळी गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून काँक्रीट आतून फुटते आणि छताचे पोपडे पडतात.

हे पाहायला छत पडण्याची वाट पाहावी लागत नाही. शाळेच्या आवारात सिमेंटची एखादी जुनी, तडकलेली कुंडी असतेच. मुलांना तिच्या भेगेतला तांबूस डाग दाखवावा. डागाच्या रेषेवरचा सुटलेला तुकडा काढला, की आत बहुधा गंजलेली तार हाती लागते.