दोन डायलिसिसमधली वजनवाढ

मूत्रपिंडे निकामी झाल्यामुळे हिमोडायलिसिसवर असलेल्या रुग्णाचे वजन एक डायलिसिस संपल्यापासून पुढचे सुरू होईपर्यंत जेवढे वाढते, त्याला ‘दोन डायलिसिसमधली वजनवाढ’ म्हणतात. दोन-तीन दिवसांत वाढलेले हे वजन चरबीचे किंवा मांसाचे नसते. ते जवळपास सगळे शरीरात साठलेल्या पाण्याचे असते. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, हा हिशेब प्रत्येक डायलिसिस कक्षात चालतो. रुग्ण आला की आधी काट्यावर उभा राहतो आणि मशीनने किती ‘पाणी काढायचे’ ते त्या आकड्यावरून ठरते.

मोजणीचा पाया म्हणजे ‘ड्राय वेट’ किंवा कोरडे वजन. अंगावर सूज नाही, धाप नाही, रक्तदाब ठीक आहे आणि डायलिसिसनंतर चक्कर किंवा पायात गोळे येत नाहीत, अशा अवस्थेतले हे वजन. ते कायमचे नसते. आजारपणात मांस झडले आणि जुनाच आकडा धरला, तर शरीरात पाणी राहून जाते. भूक सुधारून अंग धरले, तर त्याच आकड्यापायी गरजेपेक्षा जास्त पाणी ओढले जाते. म्हणून ते वेळोवेळी नव्याने ठरवावे लागते.

पाणी साठण्याचे मूळ बहुतेक वेळा मिठात असते. शिरेतून देतात त्या साध्या सलाईनमध्ये लिटरला ९ ग्रॅम मीठ असते आणि शरीरातल्या पाण्याचा खारेपणाही साधारण तेवढाच असतो. लघवी होत नसलेल्या माणसाने ९ ग्रॅम मीठ खाल्ले, तर ते पातळ करण्यापुरते सुमारे एक लिटर पाणी पोटात जाईपर्यंत त्याची तहान भागत नाही. रोज १० ग्रॅम मीठ खाणाऱ्याच्या अंगात तीन दिवसांत तीन लिटरहून अधिक पाणी साचते. ‘पाणी कमी प्या’ एवढाच सल्ला म्हणूनच फारसा टिकत नाही. मीठ तसेच ठेवून तहान दाबणे माणसाच्या हातात नसते आणि वजन वाढले म्हणून रुग्णाला बेशिस्त ठरवणे अन्यायाचे आहे. मधुमेहात वाढलेली रक्तशर्करा तहान वाढवते. डायलिसिसच्या द्रावणात सोडियम जास्त ठेवले तरी तेच होते.

वाढ कोरड्या वजनाच्या साधारण ४ ते ४.५ टक्क्यांच्या आत असावी, असे मानतात. पाणी काढण्याच्या वेगालाही मर्यादा आहे. तो किलोमागे तासाला १३ मिलिलिटरपेक्षा जास्त असणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण अधिक असल्याचे २०११ च्या एका अमेरिकी अभ्यासात दिसले. ८० किलोच्या माणसाचे ३ लिटर पाणी चार तासांत काढताना हा वेग साडेनऊच्या आसपास राहतो. ५० किलोच्या माणसाला तेवढेच पाणी काढताना तो १५ वर जातो. काटक, हलक्या अंगाच्या आदिवासी व शेतमजूर रुग्णांसाठी हा फरक मोठा आहे. मशीन पाणी रक्तातून ओढते आणि ऊतींमधले पाणी हळूहळू रक्तात उतरून ती जागा भरते. ओढण्याचा वेग भरण्याच्या वेगापुढे गेला की रक्तदाब कोसळतो, जांभया, मळमळ, गोळे सुरू होतात आणि हृदयाच्या स्नायूला रक्त कमी पडते. पाणी काढलेच नाही, तर ते फुप्फुसांत उतरते आणि रुग्णाला आडवे झोपता येत नाही.

आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास, ही प्रचलित मात्रा आहे. तीतही एक खंड दोन दिवसांऐवजी तीन दिवसांचा होतो. अमेरिकेतल्या सुमारे ३२ हजार रुग्णांच्या, २०११ मध्येच प्रसिद्ध झालेल्या पाहणीत या लांब खंडानंतरच्या दिवशी मृत्यू व हृदयविकाराचे प्रसंग अधिक आढळले. भारतात पुष्कळ रुग्ण आठवड्यातून दोनदाच डायलिसिस घेतात, म्हणजे खंड तीन-चार दिवसांचा.

चंद्रपूर आणि गडचिरोली या वनजिल्ह्यांत हा खंड अंतरामुळे आणखी ताणला जातो. सिरोंचा गडचिरोली शहरापासून दोनशे किलोमीटरच्या आसपास आहे. पर्लकोटा नदीचे पाणी पुलावर चढून भामरागडचा संपर्क तुटण्याचे प्रसंग अनेक पावसाळ्यांत आले आहेत. अशा वेळी चुकलेल्या डायलिसिसची वजनवाढ पुढच्या वाढीवर चढते आणि रक्तातले पोटॅशियमही वाढत राहते. उपचारांच्या खर्चासाठीची राजीव गांधी जीवनदायी योजना २ जुलै २०१२ रोजी ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत गडचिरोली होता. हीच पुढे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाली. जिल्हा रुग्णालयांत डायलिसिसची सोय करणारा राष्ट्रीय कार्यक्रम २०१६ चा. या योजनांनी मशीनचा खर्च हलका केला; पण सोबत येणाऱ्याची बुडालेली मजुरी आणि दिवसभराचा प्रवास उरतोच.

इथल्या ताटातही पाणी आणि मीठ सहज लपते. पेज, आंबील, कढी, पातळ वरण, ताक हे सगळे पाण्याच्या हिशेबात धरावे लागते. सुकी मासळी, लोणचे, पापड यांतले मीठ नुसत्या चवीवरून कळत नाही. सैंधवही मीठच आहे. ‘कमी सोडियम’ म्हणून विकल्या जाणाऱ्या मिठात बहुधा पोटॅशियम क्लोराइड असते आणि ते या रुग्णांच्या जिवावर बेतू शकते. चंद्रपूरचा उन्हाळा ४५ अंशांपलीकडे जातो. घामावाटे थोडे पाणी जाते आणि पुष्कळांचा रक्तदाब खाली येतो, म्हणून या ऋतूत कोरडे वजन पुन्हा तपासणे बरे.

सिकलसेलचे रुग्ण या भागात बरेच आहेत आणि हा आजार मूत्रपिंडांनाही इजा करतो. भरपूर पाणी प्या, हे त्यांनी लहानपणापासून ऐकलेले असते. डायलिसिस सुरू झाल्यावर तोच सल्ला उलटा होतो. मात्र फार पाणी ओढल्याने रक्त दाटणेही त्यांना परवडत नाही. त्यांची मर्यादा सरसकट आकड्याने न ठरवता प्रत्येकाची वेगळी ठरवावी लागते.

नियंत्रणाची सुरुवात दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मिठापासून होते. पाण्याची मुभा साधारणपणे दिवसभरातल्या लघवीइतकी अधिक अर्धा ते पाऊण लिटर असते. लघवी अजून होत असेल, तर ती टिकवण्यासाठी लघवी वाढवणारी औषधे उपयोगी पडतात. घरी काटा नसल्यास उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात, शक्यतो एकाच काट्यावर व सारख्या कपड्यांत वजन घेतले, की वाढ वेळेत लक्षात येते. वाढ अगदीच थोडी असेल, तर रुग्ण पुरेसे जेवतो का, हेही पाहावे लागते. उपाशीपोटी वजन आटोक्यात ठेवणे कुपोषणाकडे नेते. वाढ जास्त असेल, तर डायलिसिसचे तास वाढवणे किंवा जादा डायलिसिस घेणे हा वेग वाढवण्यापेक्षा सुरक्षित मार्ग आहे.

पोटातल्या आवरणाचा उपयोग करणारे पेरिटोनियल डायलिसिस घरी रोज होते. पाणी रोज निघत असल्यामुळे वजनाचे हे चढउतार त्यात जवळपास नसतात. राष्ट्रीय कार्यक्रमाने २०१९ मध्ये त्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. दूरच्या गावांना ही पद्धत सोयीची आहे. मात्र द्रावणाच्या पिशव्यांचा पुरवठा पावसाळ्यातही चालू राहावा लागतो, हात धुण्याची व स्वच्छ जागेची सोय लागते आणि पोटात जंतुसंसर्ग झाल्यास तातडीने गाठता येईल असे रुग्णालय लागते.