दोष कानांचा नव्हता

आमच्या अप्पांचा शनिवार रात्रीचा नेम कधी चुकला नाही. आकाशवाणीचा संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम 1952 साली सुरू झाला, तेव्हापासूनचे ते श्रोते. पुढे कान मंदावले, तसा रेडिओचा आवाज चढू लागला आणि दोन खोल्यांच्या घरात मुलांच्या अभ्यासाची पंचाईत झाली. माझ्या आतेभावाने त्याच्याकडचा जुना, स्टुडिओत वापरतात तसला जाडजूड हेडफोन दिला. मी तो अप्पांच्या खिशातल्या रेडिओला जोडून दिला. आवाज अगदी क्षीण. "असू दे रे, माझेच कान गेलेत," अप्पा म्हणाले. मला ते खरे वाटले. एकदा स्वतःच्या कानाला लावून पाहावा, एवढेही सुचले नाही. अप्पांनी शनिवारचे गाणे सोडून दिले.

त्या हेडफोनवर '600 ओहम' असा आकडा होता. त्याचा अर्थ लागला तो फार उशिरा, हेडफोनचा इतिहास वाचताना.

अमेरिकेत युटा प्रांतात नॅथॅनिएल बाल्डविन नावाचे गृहस्थ होते. 1910 साली त्यांनी घरच्या स्वयंपाकघरात हेडफोन तयार केले आणि नमुना थेट अमेरिकन नौदलाकडे धाडला, सोबत जांभळ्या शाईतले पत्र! नौदलाने तपासून पाहिले, तर हाती होते त्यापेक्षा कितीतरी सरस. मागणी आली, पण स्वयंपाकघरात एका वेळी दहाच्या वर होईनात.

त्या काळी बिनतारी संदेश ऐकायला हेडफोनवाचून गत्यंतर नव्हते, कारण आवाज मोठा करणारे साधनच हाताशी नव्हते. 1927 च्या जुलैत मुंबई केंद्र सुरू झाले, तेव्हाही जवळपासच्या माणसाला क्रिस्टल सेटवर ते ऐकता येई. या सेटला ना बॅटरी, ना वीज. एरियलमध्ये येईल तेवढ्या तुटपुंज्या शक्तीवर कानातला पडदा हलवायचा. म्हणून केसासारख्या बारीक तारेचे हजारो वेढे घालीत. वेढे वाढले की ओहम वाढतात. तसले हेडफोन 2000 ओहमचे असत.

मग व्हॉल्व्हचे ॲम्प्लिफायर आले, लाउडस्पीकर घुमू लागले आणि हेडफोन स्टुडिओत नि टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जाऊन बसला. त्याला दिवाणखान्यात परत आणले ते मिलवॉकीच्या जॉन कॉस यांनी, 1958 साली. गंमत अशी की त्यांना खपवायचा होता फोनोग्राफ. लोक भाळले ते सोबतच्या स्टिरिओ हेडफोनवर. 1968 साली जर्मनीच्या सेनहायझरने पिवळ्या स्पंजचा, उघड्या पाठीचा 'एचडी 414' काढला. तोही 2000 ओहमचाच. घरचे ॲम्प्लिफायर विजेवर चालणारे, व्होल्टेजला तोटा नव्हता.

1979 च्या जुलैत सोनीचा वॉकमन आला आणि गणित उलटले. पेन्सिल सेल दोन, म्हणजे सारे मिळून तीन व्होल्ट. एवढ्याशा दाबावर आवाज काढायचा तर ओहम कमीच हवेत. खिशातल्या यंत्रांसाठी 32 ओहम हा जणू रिवाज झाला. त्याच व्होल्टेजवर 600 ओहमच्या हेडफोनला 32 ओहमवाल्याच्या जेमतेम एकोणिसाव्या हिश्श्याइतकी शक्ती मिळते.

अप्पांच्या रेडिओचेही बळ दोन सेलचेच!

आजच्या ब्लूटूथ हेडफोनमध्ये ॲम्प्लिफायर आतच असतो, ही जोडी कारखान्यातच जुळलेली असते. तारेचा हेडफोन घेणाऱ्याला मात्र आकडे पाहावे लागतात. हेडफोनचे ओहम ॲम्प्लिफायरच्या आउटपुटच्या निदान आठपट असावेत, हा जाणकारांचा ठोकताळा. आणि आवाज दबलेला वाटला की आणखी महागडा हेडफोन आणायचा, ही माझ्या मते सर्वात खर्चिक चूक. बऱ्याचदा उणीव असते ती ॲम्प्लिफायरची.

अप्पा गेल्यावर काही वर्षांनी माळा आवरताना तो हेडफोन हाती लागला. या वेळी मी तो मुलाच्या ॲम्प्लिफायरला जोडला. बटण पाव फेराही फिरवले नसेल, तोच तानपुऱ्याच्या चारही तारा वेगवेगळ्या ऐकू आल्या. अप्पांना टोचायची म्हणून डोक्यावरच्या पट्टीला आईने जुन्या सुती लुगड्याची चिंधी गुंडाळली होती. ती अजून तशीच होती.