बिग मॅक आणि एकरूपतेचा दावा

चलनाची किंमत सोन्यानें मोजावी, हा जुना रिवाज. १९८६ सालीं लंडनच्या 'द इकॉनॉमिस्ट' या साप्ताहिकानें ती पावाच्या एका पदार्थानें मोजून दाखविली. बिग मॅक नांवाचा अमेरिकन हॅम्बर्गर कोणत्या देशांत केवढ्यास मिळतो हें ताडून, तेथील चलन वाजवीपेक्षां महाग कीं स्वस्त, हें ठरविण्याची ही युक्ति निघाली विनोदानें. पुढें ती पाठ्यपुस्तकांत जाऊन बसली. हा पदार्थ सर्वत्र सारखाच असतो, या समजुतीवर तिची सारी भिस्त आहे. ती समजूत कितपत खरी, हें त्याच्या इतिहासावरूनच पाहूं.

१९४८ सालीं कॅलिफोर्नियांतील सॅन बर्नार्डिनो येथें रिचर्ड व मॉरिस मॅक्डोनल्ड या बंधूंनीं आपल्या उपाहारगृहांतील वाढपी कमी केले, पदार्थांची यादी आंखडली, आणि कारखान्याप्रमाणें प्रत्येक माणसास एकेक काम नेमून दिलें. हॅम्बर्गर पंधरा सेंटांत व हां हां म्हणतां मिळूं लागला. रे क्रॉक यांनीं १९५५ पासून या पद्धतीचीं दुकानें देशभर वाढविलीं, आणि १९६१ त बंधूंकडून सारा धंदा २७ लक्ष डॉलरांस विकत घेतला. दुकान कोणीही चालवो, पदार्थ तिळमात्र बदलतां कामा नये, हा त्यांचा दंडक.

मौज अशी कीं, बिग मॅक जन्मला तो हा दंडक वांकवूनच. पेनसिल्व्हेनियांतील पिट्सबर्गच्या परिसरांत जिम डेलिगाटी हे मॅक्डोनल्ड्सचीं कांहीं दुकानें चालवीत. आपल्या गिऱ्हाइकांस मोठा पदार्थ हवा आहे, हें त्यांनीं हेरलें. वरिष्ठांनीं नाखुषीनेंच परवानगी दिली, तीही नेहमींचा पाव वापरण्याच्या अटीवर. तो पुरेना, तेव्हां डेलिगाटींनीं तीळ लावलेला मोठा पाव आणवून त्याचे तीन थर केले, आणि मध्यें गोमांसाच्या दोन टिक्क्या, चीज, लेट्यूस, कांदा, खारवलेली काकडी व खास सॉस घातला. १९६७ सालीं युनियनटाउन येथें ४५ सेंटांस तो विक्रीस आला. १९६८ त देशभर गेला. नांव सुचविलें कंपनीच्या जाहिरात-खात्यांतील एस्थर ग्लिकस्टीन या तरुण सेक्रेटरीनें. डेलिगाटींस या शोधाबद्दल रॉयल्टी मिळाली नाहीं.

पुढें हा पदार्थ अमेरिकेचें निशाणच झाला. ३१ जानेवारी १९९० रोजीं मॉस्कोच्या पुश्किन चौकांत पहिलें दुकान उघडलें, तेव्हां हजारों लोक रांगेंत उभे राहिले. २०२२ त युक्रेनवरील आक्रमणानंतर कंपनीनें रशिया सोडला. भारतांत १९९६ सालीं दिल्ली व मुंबई येथें दुकानें निघालीं, पण येथें गोमांस चालणें शक्य नव्हतें. म्हणून 'महाराजा मॅक' अवतरला: आधीं मटणाचा, मग कोंबडीचा. इकॉनॉमिस्टच्या मोजणींतही भारतापुरता त्याचाच भाव धरला गेला. अर्थात् मापच एका देशांत निराळ्या धातूचें झालें!

यंत्राची एकरूपता देशोदेशींच्या चवी गिळून टाकील, अशी भीति पुष्कळांस वाटते. ती सर्वस्वीं पोकळ आहे असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु या पदार्थाचा इतिहास निराळेंच सांगतो. चव आपला हट्ट सोडीत नाहीं. तिच्यापुढें कंपनीलाच नमावें लागलें, पिट्सबर्गांत आणि मुंबईंतही. एकरूपतेनें गिळलें तें करणाराचें नांव. आज जगभर हा पदार्थ खाणारांपैकीं कितीकांस डेलिगाटी ठाऊक असतील? आमच्या मतें खरी हानि ती.