रेघेखालचं गाव

नकाशावर पुणे आणि हैदराबाद सरळ रेघेनं जोडा. ती रेघ आमच्या उमरग्याला जवळजवळ शिवून जाते. लांबी साधारण 500 किलोमीटर. विमान कंपन्या तेवढ्याला सव्वा तास लावतात. सडकेनं हेच अंतर 560 च्या घरात.

आमच्या आबांनी किलोमीटर कधी मोजले नाहीत. उमरगा तेव्हा निजामाच्या हैदराबाद राज्यात, म्हणून त्यांच्या हिशेबात सोलापूर म्हणजे इंग्रजी मुलूख. नळदुर्ग मागं टाकलं की करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा नाका, गाठोडी सोडून दाखवायची, निजामाचा हाली रुपया देऊन इंग्रजांचा कलदार घ्यायचा. शंभरेक किलोमीटरच्या त्या वाटेत बैलांपेक्षा नाकाच जास्त वेळ खाई. 1932 साली निजामानं 27 मोटारींनिशी सरकारी बससेवा काढली, पण सरहद्द होती तिथंच राहिली. पुढं 1948 मध्ये निजामाच्या बाजूनं लढणाऱ्या रझाकारांच्या भीतीनं लोक रातोरात तीच ओलांडू लागले. "तवा एकेक कोस सरता सरत नव्हता," आबा म्हणायचे, आणि मग बराच वेळ काही बोलायचे नाहीत.

विमानाची गोष्ट मात्र ते आपणहून सांगत. 13 सप्टेंबर 1948 ला मेजर जनरल जयंतनाथ चौधरींच्या भारतीय फौजा सोलापूरहून हैदराबादकडे निघाल्या. पहिल्याच दिवशी नळदुर्ग पडलं आणि फौजेचा तळ उमरग्याला आला. पुढं राजेश्वर गावाच्या वाटेवर निजामाची माणसं दबा धरून होती. दुसऱ्या दिवशी त्यांच्यावर टेम्पेस्ट विमानं सोडली गेली. "आवाज आला म्हणून वर बघावं, तर इमान गेलेलं!" असं आबा सांगत. विमानं किती होती, याचा आकडा दर दिवाळीला वाढत गेला. ते सोडून देऊ. पण हल्ल्यासाठी टेम्पेस्ट पुण्याच्या तळावर सज्ज ठेवली होती, हे खरं. तिथून उमरगा सरळ रेघेत 300 किलोमीटर. ताशी सहाशेच्या वर धावू शकणाऱ्या विमानाला हे अंतर ते किती! जमिनीवरून चाललेल्या फौजेला हैदराबाद शरण यायला 17 तारीख उजाडली.

निजामाच्या राज्यात 1945 पासून डेक्कन एअरवेज ही विमान कंपनी होती. बेगमपेठेतून तिची विमानं उडत. त्या राज्यात जन्मलेल्या आबांनी पहिलं विमान पाहिलं ते मात्र लढाईचं.

आज नाका नाही, हाली रुपयाही नाही. पण उमरग्याला रेल्वे नाही आणि विमानतळ तर नाहीच. आमच्या गावच्या माणसाला पुण्याला उडून जायचं तर आधी उलट दिशेनं दोनशेवर किलोमीटर जाऊन हैदराबादचा शमशाबाद विमानतळ गाठावा लागतो, तिथं दोन तास आधी रांगेत उभं राहावं लागतं, आणि मग तिकिटाचे पैसे मोजून स्वतःच्याच गावावरून परत यावं लागतं. दोन शहरांमधलं विमानाचं अंतर हे त्या दोन शहरांपुरतंच खरं असतं. मधल्या गावांनी सरळ स्टँडवर जाऊन पुण्याची एस.टी. धरावी, लवकर पोचाल.