चाक, कमान आणि खड्डा

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर नायगावचा आमचा एक माजी विद्यार्थी भेटायला आला. त्याने जुनी, लहान मोटार घेतली होती. तिच्या मूळ स्प्रिंगा काढून गाडी चार सेंटिमीटर खाली बसेल अशा आखूड, कडक स्प्रिंगा घालायच्या आणि तेरा इंची चाकांच्या जागी पंधरा इंची चकचकीत चाके बसवायची, असा त्याचा बेत होता. "सर, गाडी खाली बसली की रस्ता धरून चालते म्हणतात. खरं आहे का?" खरे आहे, असे आम्ही सांगितले. मग आम्हीच त्याला विचारले, की गाड्या मुळात उंच केल्या कुणी, आणि कशासाठी?

या प्रश्नाच्या उत्तरासाठी मोटारीच्या मागे, बैलगाडीपर्यंत जावे लागते.

आपल्या जुन्या बैलगाडीला स्प्रिंग नसे. धक्का सोसण्याचे सारे काम चाकाच्या आकाराने करायचे. दीड मीटर व्यासाचे चाक तीस सेंटिमीटर रुंदीच्या खड्ड्यावरून गेले, तर ते जेमतेम दीड सेंटिमीटर खाली उतरते. आजच्या लहान मोटारीचे ५८ सेंटिमीटर व्यासाचे चाक त्याच खड्ड्यात चार सेंटिमीटरहून अधिक बसते. मुलांना कंपासने प्रमाणात दोन वर्तुळे काढायला लावा आणि सारख्या लांबीच्या जीवेखाली वर्तुळ किती उतरते ते मोजू द्या. चाक मोठे का, हे सांगण्याची गरजच उरणार नाही.

त्या चाकावर लोखंडाची धाव चढवण्याचे काम ज्यांनी गावात पाहिले असेल, त्यांनी ते मुलांना जरूर सांगावे. वरील चाकाचा घेर सुमारे ४.७ मीटर. धाव ५०० अंश सेल्सिअसने तापवली तर तिचा घेर सुमारे २८ मिलिमीटरने वाढतो. तेवढ्यात ती लाकडावर ठोकून बसवायची आणि पाणी ओतायचे. आकसताना ती आरे, तुंबा सगळे आवळून धरते. प्रसरणाचा धडा लोहार आणि सुतार मिळून असा शिकवीत.

पण या चाकाला वेग सोसत नाही. बैलाच्या चालीला ते ठीक. घोडा जोडला की बसणाऱ्याची हाडे खिळखिळी होतात. इंग्लंडमध्ये ओबादाया इलियटने १८०४ साली घोडागाडीसाठी लंबवर्तुळाकार कमानींचे पेटंट घेतले. पोलादी पट्ट्या एकावर एक रचून केलेली ही कमान, ट्रकखाली आजही दिसते तिचीच ही बहीण. धक्क्याचे काही काम चाकाकडून निघून स्प्रिंगकडे आले, आणि टांगे-बग्ग्या त्यामुळेच माणसांना बसण्याजोग्या झाल्या.

तिसरा वाटेकरी म्हणजे हवा. रॉबर्ट टॉमसनने १८४५ सालीच हवा भरलेल्या चाकाचे पेटंट घेतले होते, पण ते मागे पडले. १८८८ मध्ये बेलफास्टचा पशुवैद्य जॉन डनलॉप याने मुलाच्या तीनचाकी सायकलीला हवेच्या नळ्या बसवल्या आणि कल्पना पुन्हा जिवंत झाली. पुढे मोटारीची चाके आपल्या बैलगाडीलाही लागली. टायरगाडी बैलाला हलकी जाते, भारही जास्त घेते. लहान चाक खड्ड्यात अधिक उतरते खरे, पण टायर दबतो आणि धक्क्याचा बराच भाग पोटात घेतो. तिच्या येण्याने गावोगावच्या सुतार-लोहारांचे चाकाचे काम मात्र गेले. त्या हिशेबाची वही कुणी ठेवली नाही.

आता मोटार. सुरुवातीच्या मोटारी घोडागाडीसारख्याच उंच होत्या. ३० मार्च १९०० रोजी फ्रान्समध्ये नीसजवळच्या ला तुर्बीच्या घाटातील शर्यतीत डाइमलर कंपनीची गाडी चालवणारा विल्हेल्म बाउअर अपघातात सापडून मरण पावला. गाडी जड, उंच आणि आखूड होती. कंपनीचा मोठा गिऱ्हाईक एमिल येलिनेक याने नवी गाडी मागितली ती लांब, रुंद आणि खाली बसलेली. विल्हेल्म मायबाखने ती बनवली. तिला येलिनेकच्या मुलीचे मर्सिडीज हे नाव मिळाले आणि मार्च १९०१ मध्ये नीसच्या शर्यतींत तिने इतरांना मागे टाकले. गाडी खाली बसवण्याची हौस म्हणून आज जी ओळखली जाते, तिच्या मुळाशी एका माणसाचा मृत्यू आहे.

पण अवघ्या सात वर्षांनी, १९०८ मध्ये, हेन्री फोर्डने मॉडेल टी काढली, ती मुद्दाम उंच. जमिनीपासून सुमारे २५ सेंटिमीटर मोकळी जागा, मोठी चाके, आडव्या कमानी. अमेरिकेतल्या शेतकऱ्याला चिखलातून आणि चाकोऱ्यांतून घरी जायचे होते. मर्सिडीज आणि मॉडेल टी यांतली शहाणी कोणती, हा प्रश्नच चुकीचा आहे. दोघींचे रस्ते वेगळे होते.

आपल्याकडच्या गाड्यांत या दोन्हींचा समझोता दिसतो. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट तयार होऊ लागली. तीच पुढे पद्मिनी या नावाने मुंबईची टॅक्सी झाली. तिला पुढे गुंडाळीच्या स्प्रिंगा, मागे कमानी. पुढे आराम, मागे ओझ्याची सोय.

आमच्या विद्यार्थ्याने एवढे ऐकून घेतले, पण त्याला आकडे हवे होते. ते मांडले. गाडी १००० किलो, दोन बाजूंच्या चाकांमधील अंतर १४० सेंटिमीटर, गुरुत्वमध्य जमिनीपासून ५५ सेंटिमीटर उंच. गुरुत्वत्वरणाच्या निम्म्या त्वरणाने वळण घेतले तर आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर सुमारे १९६ किलो भार सरकतो. गुरुत्वमध्य चार सेंटिमीटर खाली आणला तर १८२ किलो. फायदा आहे, पण १४ किलोंचा. कडक स्प्रिंगेमुळे गाडी वळणावर कमी कलते आणि चालवणाऱ्याला फायदा याहून पुष्कळ मोठा वाटतो.

आता खर्चाची बाजू. मूळ स्प्रिंग गाडीच्या वजनाने २० सेंटिमीटर दबत असेल, तर गाडी सेकंदाला सुमारे १.१ वेळा वरखाली झुलते. कडक स्प्रिंग १० सेंटिमीटरच दबत असेल तर सुमारे १.६ वेळा; झोका संपून हिसका सुरू होतो. स्प्रिंग कडक करावीच लागते, कारण खाली दबायला जागाच कमी उरते. त्यात चाक बदलले. १५५/८० आर १३ या टायरची भिंत १२४ मिलिमीटर उंच; १८५/५५ आर १५ ची सुमारे १०२. बाहेरचा व्यास जवळजवळ तोच राहतो, फक्त ५७८ चा ५८४ मिलिमीटर होतो. हवेची गादी मात्र २२ मिलिमीटरने पातळ होते. चाकाचा मोठेपणा बैलगाडीबरोबरच गेलेला. आता स्प्रिंग आणि हवा या उरलेल्या दोघांचाही वाटा एकाच दिवशी कापायचा. मग धक्का रिमला, बेअरिंगला आणि पाठीच्या कण्याला.

शिवाय गतिरोधक. इंडियन रोड्स काँग्रेसच्या प्रमाणानुसार तो ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा, म्हणजे १७ मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा कंस. पुढच्या-मागच्या चाकांत २.४ मीटर अंतर असलेल्या गाडीचे पोट त्यावर आले की चाकेही कंसावरच असतात आणि पोटाखाली सव्वाचार सेंटिमीटर जागा पुरते. पण दहा सेंटिमीटर उंचीचाच गतिरोधक हातभर रुंद असेल तर पुरी दहा सेंटिमीटर लागतात. आपल्या गावांत कोणते जास्त, ते वाचकांना ठाऊक आहे. रिकाम्या गाडीला १७ सेंटिमीटर मोकळी जागा असेल, तर स्प्रिंगेचे चार आणि पाच माणसांच्या भाराचे चार-पाच वजा करून आठ-नऊच उरतात.

कायद्याचेही त्याला सांगितले. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने दिलेल्या आणि नोंदणीपत्रात असलेल्या तपशिलाशी न जुळणारा बदल मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच स्पष्ट केले. याचा त्याच्यावर फारसा परिणाम झालेला दिसला नाही.

दुसऱ्या दिवशी तो टेप घेऊन देगलूर रस्त्यापासून घरापर्यंतचे गतिरोधक मोजत गेला. चार होते, त्यांतला त्याच्या गल्लीच्या तोंडाशी असलेला, लोकांनीच घातलेला, तेरा सेंटिमीटर उंच आणि चाळीस रुंद. स्प्रिंगा त्याने घेतल्या नाहीत. चाके मात्र आणलीच. पहिल्याच पावसात डाव्या बाजूची पुढची रिम वाकली, तेव्हा ती घेऊन तो वर्गात आला आणि आम्ही ती भिंतीला टेकवून ठेवली आहे.