ग्रंथालयांतील सूर

ग्रंथालय म्हणजे शब्दांचें घर; तेथें सुरांचें काय काम, असें कोणी आम्हांस विचारील. जाझ संगीताचा इतिहास पाहतांना या प्रश्नाचें उत्तर आम्हांस मिळालें, तें वॉशिंग्टन येथील काँग्रेसच्या ग्रंथालयाच्या एका कार्यांत.

हें संगीत न्यू ऑर्लिन्स शहरांतील कृष्णवर्णीय समाजांत उदयास आलें. मिरवणुकींत, नाचघरांत, इतकेंच काय पण प्रेतयात्रेंतहि तें वाजे. गुरुमुखानें चालणाऱ्या विद्येप्रमाणें तें एकाच्या हातून दुसऱ्याच्या कानीं जाई. लिहून ठेवण्याची गरज फारशी कोणास वाटली नाहीं. तेथील बडी बोल्डेन या कॉर्नेटवादकाची कीर्ति दंतकथेसारखी पसरली होती. १९०७ सालीं त्याची रवानगी वेड्यांच्या इस्पितळांत झाली आणि तेथेंच १९३१ सालीं तो निवर्तला. त्याच्या वादनाची एकहि तबकडी आज उपलब्ध नाहीं. उलट, जाझची म्हणून जी पहिली तबकडी १९१७ सालीं निघाली, ती गोऱ्या वादकांची! कलेचे धनी एक आणि दप्तरीं नांव दुसऱ्याचें, असा हा प्रकार झाला.

असाच दुसरा ठेवा नाहींसा होण्याच्या बेतांत होता. जेली रोल मॉर्टन हा न्यू ऑर्लिन्सचा पियानोवादक उतरत्या काळांत वॉशिंग्टनच्या एका लहानशा क्लबांत वाजवीत असे. १९३८ च्या मे महिन्यांत ॲलन लोमॅक्स या तरुण संग्राहकानें त्यास ग्रंथालयाच्या सभागृहांत पियानोपुढें बसविलें आणि ध्वनिमुद्रणाचें यंत्र सुरू केलें. मॉर्टन बोलूं लागला. सारें मुद्रण आठ तासांहून अधिक भरलें. बोल्डेनच्या आठवणी त्यांत आहेत. जुन्या फ्रेंच क्वाड्रिल नृत्याच्या चालींतून ‘टायगर रॅग’ कसें घडलें, हेंहि त्यानें वाजवून दाखविलें आहे. पुढें तीनच वर्षांनीं, १९४१ सालीं, तो वारला.

आतां मॉर्टन बढाईखोर होता, हें कबूल केलें पाहिजे. जाझ आपणच १९०२ सालीं निर्माण केलें, असें तो म्हणे. बाप्तिस्म्याच्या दाखल्याप्रमाणें त्याचा जन्म १८९० चा. म्हणजे त्या वेळीं तो अकरा-बारा वर्षांचा पोर! मग त्याची साक्ष टाकाऊ ठरवावी काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. दाखला वय सांगेल, पण त्या काळीं बोटें पियानोवर कशीं फिरत, हें मॉर्टनच सांगूं शकला. एका साक्षीस दुसरीची कसोटी लावतां यावी, यासाठींच दोन्ही जपून ठेवावयाच्या असतात. न्यू ऑर्लिन्सच्या ट्युलेन विद्यापीठानेंहि १९५८ पासून वृद्ध वादकांच्या मुलाखतींचा असाच संग्रह केला.

मॉर्टनचें तें समग्र मुद्रण २००५ सालीं प्रसिद्ध झालें आणि आज कोणासहि ऐकतां येतें. बोल्डेनच्या वाट्यास हें भाग्य आलें नाहीं. गुरुमुखाच्या विद्येचा अभिमान बाळगणाऱ्या आपण हा भेद विसरूं नये. जाणता वृद्ध अजून आपल्यांत आहे, तोंवरच त्याला विचारून घ्यावें.